इयोबच्या वाटणीचं पुडकं

हॉलची किल्ली अल्गानेशच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असे, क्रुसाच्या शेजारी. ती किल्ली तिच्याकडून मागून घेण्याची छाती मिलानमधल्या एकाही एरिट्रियन माणसाला नव्हती. हॉल कसला, पोर्ता व्हेनेत्सियाच्या मागच्या गल्लीतलं तळघर ते. भिंतींना ओल, खिडकीतून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसणार. पण या बाईने आणि तिच्यासारख्या मोलकरणींनी ते उभं केलं होतं, आणि हे ती कोणाला विसरू देत नसे.

अस्माराहून ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. एका सिन्योराच्या, म्हणजे इटालियन मालकिणीच्या घरी राहायचं, फरशी पुसायची, तिच्या कुत्र्याला फिरवायचं. सुट्टी रविवारी आणि गुरुवारी दुपारी. गुरुवारी आमच्या साऱ्या मुली बागेतल्या बाकांवर जमायच्या, आणि पुढे या तळघरात. आमचा देश नकाशावर यायच्या कितीतरी आधी दर गुरुवारी दुपारी मिलानमध्ये भरत असे, असं म्हटलं तरी चालेल. कोणी इंजेरे, म्हणजे आमच्या आंबवलेल्या भाकऱ्या, भाजत असे, कोणी पत्रकं चिकटवी, कोणी हातातल्या बांगड्या काढून डब्यात टाकी. अल्गानेश स्वेटर विणायची. तिकडे गावी स्वातंत्र्याची लढाई चालू होती. साहेलच्या डोंगरात रात्री हाडं गोठतात, आणि तिचा धाकटा भाऊ तेवोल्दे तिथे बंदूक घेऊन बसला होता. दर हिवाळ्याला ती त्याच्यासाठी एक हिरवा स्वेटर विणून पाठवी.

देश स्वतंत्र झाला तशी ती धावत घरी गेली. डोंगरातून परतणाऱ्या ट्रकांमधला प्रत्येक चेहरा तिने रस्त्यावर उभं राहून न्याहाळला. शेवटी तेवोल्देच्या तुकडीतला एकजण भेटला. त्याने मान खाली घातली. तेवोल्दे तिसऱ्याच हिवाळ्यात पडला होता. युद्ध चालू असताना मेलेल्यांची नावं लढणारी आघाडी घरच्यांना कळवत नसे. म्हणजे पुढचे सगळे स्वेटर तिने मेलेल्या माणसासाठी विणले होते. मिलानला परत येऊन तिने सुया ट्रंकेत टाकल्या आणि पुन्हा कधी हातात घेतल्या नाहीत. पण देशाविरुद्ध तिच्यासमोर अवाक्षर काढायची सोय राहिली नाही. ज्या मातीत आपला माणूस, ती माती आपली, एवढंच तिचं राजकारण.

आता गुरुवारी येणारे लोक बदलले होते. हॉल चालवणारी समिती सरकारच्या बाजूची, तिचा अध्यक्ष किदाने. अल्गानेशच्या जिवलग मैत्रिणीचा, हिदातचा मुलगा. हिदात गेली, तिचं पोरगं पन्नाशीला आलं, पण अल्गानेशच्या लेखी ते अजून टेबलाखाली रांगत होतं. जन्म मिलानचा, तिग्रिन्या बोलतानाही इटालियन हेल. देशावर त्याचं प्रेम मोठं. उन्हाळ्यात तीन आठवडे मस्सावा बंदरात जाऊन मासे खाऊन यायचा आणि उरलेलं वर्ष आम्हाला देशप्रेम शिकवायचा.

आणि दुसरीकडे समुद्रातून आलेली पोरं. सैन्यातली नोकरी संपता संपत नाही म्हणून सीमा ओलांडलेली, वाळवंट आणि बोट भोगून आलेली. गेल्या उन्हाळ्यात यांनी समितीच्या जलशाबाहेर सरकारविरोधी निळे झेंडे नाचवले, शिव्या झाल्या, खुर्च्या उडाल्या. तेव्हापासून किदानेला ती पोरं नजरेसमोर नको होती. अल्गानेश मात्र त्यांना जेवायला वाढी. वाढी, आणि वाढता वाढता सोलूनही काढी.

"काय रे पळपुट्या, अजून वाढू?"

"वाढा अदेय. पळताना भूक फार लागते," सेनाय म्हणायचा.

अदेय म्हणजे आई. सगळेच तिला अदेय म्हणत, पण सेनायच्या तोंडून ते तिला जरा जास्त ऐकू येई. अठ्ठाविशीचा, गोदामात पार्सलं उचलणारा, देकेम्हारे गावचा. तोंडाळ होता. तिला तोंडाळ माणसं आवडत.

जूनच्या सुरुवातीला गावाहून आलेल्या एका बाईने नेहमीप्रमाणे लोकांच्या वस्तू हॉलमध्ये आणून टाकल्या. सेनायच्या नावाची पांढऱ्या फडक्यातली दोन पुडकी होती, घरच्या बेर्बेरे मसाल्याची. वास सगळ्या तळघरात घुमला. एकावर नाव सेनाय. दुसऱ्यावर इयोब.

"हा इयोब कोण?"

"धाकटा भाऊ. स्वीडनला असतो."

"मग दर खेपेला त्याचं पुडकं तूच का नेतोस? स्वीडनला पोस्ट नाही?"

सेनायने पुडक्याची गाठ चाचपली. मग म्हणाला, "तो पोचलाच नाही, अदेय. बोट उलटली. मी त्याची कॉलर धरली होती. कॉलर हातात राहिली."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"आणि आई?"

आईला त्याने सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. पहाटे, माणूस उठायच्या सुमारास, चार मोठी माणसं दाराशी जातात, आत जाऊन बसतात, आणि मग सांगतात. त्यांचे चेहरे पाहूनच घर रडायला लागतं. फोनवर सांगणं म्हणजे आईला एकटीला भिंतीशी सोडून देणं. पण सेनायच्या आईकडे जाणार कोण? तो स्वतः गेला असता तर परत आला नसता. म्हणून दर रविवारी तो आईला सांगे, इयोबचा फोन बिघडलाय, इयोब शिबिरात आहे, इयोबला नवी नोकरी लागली, रविवारीही जातो. आणि आई दोन पुडकी पाठवत राही. इयोबची सगळी पुडकी त्याच्या खोलीत पलंगाखाली होती. एकही त्याने उघडलं नव्हतं.

अल्गानेशला तिचे हिरवे स्वेटर आठवले. कोणी घातले असतील ते? मग तिला सेनायचाच राग आला.

"दोन वर्षं! लाज नाही वाटली तुला?"

"वाटते. रोज वाटते. अदेय, विसाव्या तारखेला त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावू द्याल?"

वीस जून आमच्या हुतात्म्यांचा दिवस. संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरातलं नाव घ्यायचं आणि मेणबत्ती लावायची. त्या साली तो नेमका गुरुवारी येत होता.

"ती मेणबत्ती लढलेल्यांची आहे," ती म्हणाली. "तुझा भाऊ लढला नाही. निघून गेला. माझा भाऊ जिथे मेला तिथून निघून गेला."

"मौज म्हणून निघाला होता का तो? शाळेतून उचलून बंदूक दिली. ती परत कधी घेणार ते कोणीच सांगेना. तुमच्या भावाला निदान माहीत होतं, कशासाठी थांबलोय."

त्याने दोन्ही पुडकी काखेत मारली आणि जेवण टाकून गेला. पुढचा गुरुवार तो आलाच नाही. अल्गानेशचं कशात लक्ष लागेना. इंजेऱ्याचं पीठ दोनदा जास्त आंबलं, जे तिच्या हातून पन्नास वर्षांत झालं नव्हतं. शेवटी तिनेच त्याला फोन केला. "वीस तारखेला ये," एवढं बोलून ठेवून दिला.

ही गोष्ट किदानेच्या कानावर गेलीच. तो तावातावाने स्वयंपाकघरात आला.

"अदेय, हे चालणार नाही. उद्या कोणीही बुडेल आणि हुतात्मा होईल!"

"कोणीही बुडेल? तू बुडशील? तुला तर पोहायच्या तलावातही फुगा लागायचा."

"चेष्टा नको. दक्षिणेकडे बघा काय चाललंय. ज्यांच्याशी लढून सुटलो त्यांना पुन्हा आपलं बंदर हवंय. अशा वेळी आपण एक असायला हवं."

"बंदर वीतभरही देणार नाही. ते आले तर मी हा तवा घेऊन उभी राहीन. पण किदाने, आपण त्या समुद्रासाठी छाती पिटायची आणि या समुद्रात आपलीच पोरं मरतायत, त्यांचं नावही घ्यायचं नाही? ही कुठली एकी रे?"

"वर वकिलातीत कळलं तर तुमच्या कागदांना त्रास होईल. गावी जायचंय ना तुम्हाला कधी?"

हे बोलायला नको होतं त्याने. अल्गानेशने पळी खाली ठेवली. "तुझी आई असती ना, तर थोबाडीत दिली असती. ती नाही म्हणून तुला सोडते. जा."

वीस तारखेला दारात एक टीव्हीवाली इटालियन बाई कॅमेरा घेऊन उभी होती. गेल्या वर्षीच्या मारामारीचा वास लागलेला असणार. तिने अल्गानेशला गाठलं. फार हळवा चेहरा करून म्हणाली, "सिन्योरा, इतकी मुलं पळून येतात. मनात येत नाही का, की स्वतंत्र झालो नसतो तर बरं झालं असतं?"

"घर गळायला लागलं म्हणून शेजाऱ्याच्या नावावर करून देता का हो तुम्ही?" अल्गानेश म्हणाली. "देशाशी भांडायचं ते मी भांडेन. तुमच्या कॅमेऱ्यासमोर नाही. पन्नास वर्षं तुमच्या फरशा पुसल्या, तेव्हा कोणी विचारलं नाही मला काय वाटतं ते." आणि तिने दार लावलं.

आत गर्दी. किदानेचं बंदरावर लांबलचक भाषण झालं. टाळ्या पडल्या, अल्गानेशनेही वाजवल्या, अगदी मनापासून. मग नावं सुरू झाली. तिची पाळी आली. तिने तेवोल्देचं नाव घेतलं, मेणबत्ती लावली, आणि जागेवर न जाता पिशवीतून दुसरी काढली. मागे भिंतीला टेकून उभ्या सेनायला हाक मारली.

किदाने मध्ये आला. "नाही अदेय. हा हुतात्मा नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती लोकांशी बोलली.

"तेवोल्दे मेला तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. का, तर लढाई चालू होती. मी समजून घेतलं. मेलेल्या भावाला मी स्वेटर पाठवत राहिले, तरी समजून घेतलं. आज देकेम्हारेत एक आई बुडालेल्या पोराला मसाला पाठवते. आता कुठली लढाई चालू आहे? कोण अडवतंय आपल्याला? माझा भाऊ मेला तो पोरांना आपल्या घरात सुखाने राहता यावं म्हणून. ते नाही जमलं आपल्याला. तर मग त्याच्या वातीवरून या पोराची वात लागणार. तेवोल्देची हरकत असेल तर तो मला सांगेल. तुमची कोणाची मला ऐकायची नाही."

सेनायने वात तेवोल्देच्या ज्योतीला लावली, ती पेटेना. तिने त्याचं मनगट धरलं. पेटली.

"नाव घे. मोठ्याने."

"इयोब," तो म्हणाला. "इयोब क्फ्ले."

निम्मा हॉल उठून गेला. त्यात तिच्या बरोबरीच्या, बाकांवरच्या गुरुवारपासूनच्या बायका होत्या, आणि ते तिला लागलं. पण कोपऱ्यातल्या एका म्हातारीने पदराआडून मेणबत्ती काढली आणि आपल्या नातवाचं नाव घेतलं, ज्याच्याबद्दल ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती की तो कॅनडात आहे. तिच्यामागून आणखी एक उठली.

"किल्ली द्या अदेय," किदाने म्हणाला.

तिने गळ्यातला दोरा काढला, किल्ली सोडवली, क्रूस परत घातला. "घे. ओल आहे भिंतींना, हिवाळ्याआधी चुना लाव. तवा माझा आहे, तो घेऊन जाते." आणि खरंच घेऊन गेली. तो जड तवा सेनाय आणि दोन पोरांनी ट्रामने तिच्या घरी नेला.

त्याच महिन्यात तिने गावचं तिकीट काढलं. विमानतळावर सोडायला, कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं, किदाने गाडी घेऊन आला. बॅग उतरवताना म्हणाला, "तिथे कोणी विचारलं, तर माझं नाव घेऊ नका."

"नाव घ्यायला तू केलंयस काय?" ती म्हणाली आणि त्याच्या गालाला हात लावून आत गेली.

अस्माराच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट बराच वेळ उलटापालटा केला. कशासाठी आलात?

"घरी यायला कारण लागतं होय?" तिने विचारलं. त्याने शिक्का मारला.

देकेम्हारेत पहाटे तिने गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या बरोबर घेतल्या. यायला त्या कचरत होत्या. सीमा ओलांडून गेलेल्यांसाठी तिथे लोक दार लावून, तोंडात पदर कोंबून रडत. पण चालीरीत म्हटल्यावर आल्या. तिघींनी पांढरे नेत्सेला, म्हणजे सुती शाली, सुतकात घेतात तसे काठ तोंडाशी आणून गुंडाळले आणि दार वाजवलं.

सेनायच्या आईने, झुफानने दार उघडलं. ठेंगणी, हाताला लाल तिखट लागलेलं. मागे अंगणात चटईवर मिरच्या पसरलेल्या. तिने आधी ओळखीच्या दोघींकडे पाहिलं, मग अनोळखी अल्गानेशकडे, मग तिच्या नेत्सेलाच्या काठाकडे.

"आत या," ती शांतपणे म्हणाली. "दोन वर्षं दोन पुडकी बांधत्ये. म्हटलं, बघू तरी, लाज वाटून कोण येतंय सांगायला. कोणीच येईना. मग मीही बांधायची थांबले नाही."

अल्गानेशने मिलानपासून जुळवून आणलेली वाक्यं तशीच राहिली. "मलाही कोणी सांगायला आलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी आले."

तेव्हा कुठे झुफानने हंबरडा फोडला. बरोबरच्या म्हाताऱ्यांपैकी एक घाबरून दार ओढायला धावली. अल्गानेश उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि दाराची दोन्ही कवाडं तिने भिंतीपर्यंत लोटून धरली. इयोबचं नाव सगळ्या गल्लीला ऐकू जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.