मूठभर मीठ

बंदरासाठी किनारा बुजवण्यावरच्या मागच्या बैठकीत सरकारी साहेब म्हणाले होते, "त्या किनाऱ्यावर आहे काय? चिखलच ना?" मी मोबाइलवर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचा व्हिडिओ दाखवला. "हे कुठलंही असेल," म्हणाले. हॉल हसला. त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या बैठकीत हा उजेड त्यांच्या टेबलावर ठेवायचा.

उजेड देतं ते समुद्रातलं बारीक शेवाळ. लाट चमकत असताना डहाणूच्या किनाऱ्यावरून पाणी आणायचं, गाळायचं, बाटलीत खत देऊन वाढवायचं. चार वेळा मेलं, पाचव्यांदा तगलं. ते चमकतं फक्त त्याच्या रात्री, आणि बैठक सकाळी अकराला. म्हणून मी त्याचा दिवस उलटा केला. रात्रभर बल्ब, दिवसा बंद कपाट. महिनाभराने भर दुपारी कपाटात बाटली हलवली, तर निळा लोळ उठला.

बैठकीआधी चार दिवस पत्रकं वाटायला तलासरीला जावं लागलं. बाटली मावशीकडे ठेवली. मावशी मासे विकते, उरलेले खारवते. "बल्ब रात्री लाव, दिवसा कपाट बंद," एवढंच सांगून निघाले.

परत आले, बाटली हलवली. काही नाही. तळाला करडा गाळ.

"परवाच खाली बसलं होतं," मावशी म्हणाली. "म्हटलं, सडायला लागलं. मूठभर मीठ टाकलं."

"मीठ? अगं, समुद्राचं पाणी आहे ते."

"मग काय झालं? मासा पण समुद्राचाच. मिठाबिगर काय टिकतं काय?"

मी तिच्यावर नको तेवढी ओरडले. ती टोपली धूत बसली.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने गेले. मावशी न बोलवता आली, आणि साहेबांसमोर उभी राहिली. "लहानपणी बापासोबत होडीवर जायची मी. काळोखात जाळं ओढलं का हात कोपरापर्यंत निळे. अजून पोरं सांगतात." साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं: ऐकीव माहिती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ऐकीव, आणि माझी बाटली असती तर पुरावा. माझी तरी काय वेगळी गत? दोन वर्षं त्या पाण्याबद्दल पत्रकं लिहीत होते, आणि हे तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

आठवड्याने ती होडीवरून कॅन भरून पाणी घेऊन आली. "मीठ नको, एवढं कळलं. अजून काय काय नको?"

"थांब, लिहून देते."

"लिहून काय देतेस? सांग. मला कुठे वाचता येतं?"

दोन वर्षं माझ्या पत्रकांचा गठ्ठा तिच्या टोपलीत असायचा. बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला एक देत होती.

मी पेन ठेवलं आणि सांगायला बसले.