अमावास्येला लाल होणारं विंचूर

विंचूर शाखेची चारही यंत्रं स्क्रीनवर लाल झाली, तेव्हा देशमुख सर नेमके माझ्या मागेच उभे होते.

"परत? आता या रफिकला घरीच पाठवतो," ते म्हणाले.

सर आमच्या कोल्ड स्टोरेज कंपनीचे मॅनेजर, रफिकभाई विंचूरचे सुपरवायझर आणि मी सातपूरच्या ऑफिसात बसून सगळ्या शाखांचं नेटवर्क सांभाळणारी. ऐकायला भारी वाटतं, पण काम साधं आहे. आमचा सर्व्हर दर थोड्या वेळानं प्रत्येक यंत्राला विचारतो, 'आहेस का?' उत्तर आलं की हिरवं, नाही आलं की लाल. राउटर, कॅमेरे, कोल्ड रूमचं तापमान नोंदवणारा लॉगर, सगळ्यांची हजेरी एकाच स्क्रीनवर.

महिन्यातून एकदा विंचूर दिवसभर लाल व्हायचं. सर दर वेळी फोन करायचे, पण रफिकभाई काहीही सांगोत, ते मेन स्विच पाडून सुट्टी मारतात, असं सरांनी धरूनच ठेवलं होतं.

मला मात्र चैन पडेना. बिघाड इतका नेमानं कसा येईल? जुने अलार्म काढले. कधी मंगळवार, कधी शनिवार, तारीखही सरकणारी. सहज भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं, तर प्रत्येक तारखेला काळा गोल. अमावास्या! मला तर गंमतच वाटली.

सर आणखीच तापले. त्यांनी स्पीकरवर फोन लावला. "अमावस्येला कामावर येत नाहीस का रे?"

"सर, मी कशाला अमावस्या पाळू? इथंच हाय मी. कोल्ड रूम बी चालू हाय."

सरांनी फोन ठेवला. मी तडक विंचूर गाठलं.

कोल्ड रूमचं दार उघडताच गार झोत अंगावर आला. लॉगरच्या स्वतःच्या मेमरीत दिवसभराचं तापमान व्यवस्थित होतं. म्हणजे गडबड वाटेत कुठेतरी होती. रफिकभाईंना घेऊन केबलच्या मागे मागे चालत गेले, तर ती गेटजवळच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये शिरली. आमचा राउटर तिथं, काट्याच्याच विजेवर. काट्यावर वजन होतं ते कांद्याच्या ट्रॅक्टरांचं. अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद, ट्रॅक्टर नाहीत, म्हणून काटेवाला मेन पाडून घरी जातो. राउटर बंद पडला की त्याच्यामागचं काहीच आम्हाला दिसत नाही. यंत्रं बिचारी चालूच असतात.

मेन चालू केला, सातपूरला सगळं हिरवं झालं. राउटरला कोल्ड रूमची लाइन द्यायचं ठरवून मी स्पीकरवर सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रफिकला फोन दे." मग त्यांना म्हणाले, "अरे, इथून काही कळतच नव्हतं ना."

रफिकभाई शांतपणे म्हणाले, "फोन तर मी दर वेळी उचलला होता, सर."

आता आमच्याकडे नवा नियम आहे. शाखा लाल झाली की आधी तिथल्या माणसाला विचारायचं, आणि त्यानं उत्तर दिलं तर ते ऐकायचं.