थेंब गाळणारा व्हॉल्व्ह

अनारकान पहिल्यांदा नजरेत भरली ती तिच्या प्रश्नांमुळे. किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या बाजारात लोखंडी कंटेनरमध्ये तिचं नळ-फिटिंगचं दुकान. गिऱ्हाइकाने पितळी व्हॉल्व्ह नुसता उचलला की ही सुरू: "गीझर कुठं लावणार? भिंत पक्की आहे ना? पाइप लोखंडी की प्लास्टिकचा?" उत्तरं मिळाल्याशिवाय ती साधा वॉशरही देत नसे.

एकदा मात्र तिने दिला.

उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे शहरभर नळाने येणारं गरम पाणी दुरुस्तीसाठी बंद झालं, तेव्हा तिच्याच इमारतीतल्या शेरशेन आजोबांनी स्वयंपाकघरात गीझर बसवला. चार दिवसांनी ते सेफ्टी व्हॉल्व्ह मुठीत घेऊन दुकानात हजर.

"पोरी, तुझा हा व्हॉल्व्ह रडतो. सारखा ठिबकतो."

"आजोबा, तो ठिबकायलाच हवा. पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं त्यातून निघून जातं."

"गळका माल विकतेस, आणि वर मलाच शिकवतेस?"

शेजारचा रंगवाला ओरडला, "अनारकान, सोबत बादलीही विक की!" सगळे हसले. आजोबांचा चेहरा लाल झाला. पांढऱ्या टोपीतल्या वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं, हे अनारकानला जमेना. तिने मुकाट्याने साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढून दिला. तो ठिबकत नाही, पण फुगलेल्या पाण्याला वाटही देत नाही. संध्याकाळी घरी जाऊन नीट समजावू, असं तिने मनाशी ठरवलं. संध्याकाळी बहीण आली, दुसऱ्या दिवशी माल आला, आणि ते राहूनच गेलं.

त्याच आठवड्यात गीझरची गरम पाण्याची नळी सांध्यातून उडाली. आजोबांच्या बायको, जैनेप आजी, गीझरखालीच भांडी घासत होत्या. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

अनारकान भेटायला गेली, तर आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोरीनं बजावलं होतं. हट्ट माझाच." ते ऐकून तिने चहा बाजूला ठेवला. घर रिकामं झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, असं होऊ शकतं हे मला ठाऊक होतं. तरी दिला."

"मग का दिलास?"

"तुम्ही मोठे. लोक हसत होते."

आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पलंगावरून आजीच म्हणाल्या, "वा! ह्यांचा मान राखायला माझा हात गेला होय?" मग हसू आवरून बँडेजकडे बघत राहिल्या. "दर शुक्रवारी लेकाच्या नावानं बोर्सोक, पिठाचे गोळे, तळायचे असतात. पीठ कोण मळणार आता?"

वारलेल्या लेकापर्यंत पोचावा म्हणून घरात तळणाचा वास दरवळायला हवा, ही रीत अनारकानला सांगावी लागली नाही.

नवा सेफ्टी व्हॉल्व्ह तिने स्वतः बसवला. त्याखाली एक वाटीही ठेवली. आजींची बोटं मात्र पुढे कधी पुरती वळली नाहीत.

आता दर शुक्रवारी दुपारी अनारकानचं दुकान बंद असतं. ती जैनेप आजींकडे पीठ मळते.