सातवं दार

आमच्या पाहणीच्या ऑफिसात त्यांना सगळे सातवीबाई म्हणायचे. यादीतलं दर सातवं घर गाठायचं, हा नियम त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. दार उघडलं नाही की बाकीचे शेजारची बेल वाजवून मोकळे व्हायचे. या पुन्हा जायच्या, पुन्हा जायच्या, आणि त्यांचे फॉर्म कायम सगळ्यांच्या मागून यायचे. त्यांचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "घरीसुद्धा माझ्या सहा हाका फुकट जातात, सातवीला ओ येते."

मी त्यांचा साहेब. वयाने बारा वर्षांनी लहान आणि तोऱ्यात दुप्पट.

त्या वर्षीचं काम एका दवाखान्याचं होतं. एकट्या राहणाऱ्या आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांसाठी घरी जाणारी नर्स ठेवायची की नाही, हे ठरायचं होतं. अशी माणसं आमच्या पाहणीत निघाली तर नर्स, नाहीतर नाही. दोनशे दहा घरं होती. शुक्रवारपर्यंत दोनशे नऊ फॉर्म माझ्या टेबलावर आले आणि त्यांत असं एकही माणूस नव्हतं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. अहवाल एका पानात आटोपला असता. अडला होता तो सातवीबाईंच्या एका फॉर्मावर.

"कुलूप नाहीये साहेब, कडी आतून आहे," त्या म्हणाल्या. "तीनदा जाऊन आले."

"अहो, मग शेजारी जा ना! दोन मिनिटं थांबायचं आणि पुढे व्हायचं. किती वेळा सांगू?" हा दोन मिनिटांचा नियम मीच काढला होता. त्याने काम झपाट्याने व्हायचं.

"यादीत शेजारचे नाहीत."

माझं डोकं फिरलं. "चला, मीच येतो," म्हणालो. शनिवारी दुपारी आम्ही गेलो. तिसरा मजला, जिन्यात फिनाईलचा वास, हिरवं दार. मी बेल दाबली, घड्याळ बघितलं, दोन मिनिटं झाल्यावर म्हणालो, "झालं समाधान? चला आता."

बाई पर्स मांडीवर घेऊन खुशाल पायरीवर बसल्या. "दर वेळी तुमच्या नियमाने उठले. आज बसते जरा."

मी कपाळाला हात लावला. पाच मिनिटं गेली. मग आतून काहीतरी फरशीवर घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मी बोलायला तोंड उघडलं तर बाईंनी हातानेच गप्प केलं. अकराव्या मिनिटाला कडी निघाली.

दारात एक म्हातारा शिंपी होता. गळ्यात अजून टेप. समोर लाकडी स्टूल धरलं होतं. ते पुढे सरकवत तो पलंगापासून इथवर आला होता. एका पावलाचं बँडेज कधीचं बदललेलं नव्हतं. धाप लागली होती, पण चेहरा खुलला होता.

"आज थांबलात होय!" तो बाईंना म्हणाला. "तिन्ही वेळा आलो हो मी दारापर्यंत. उघडतोय तर जिना रिकामा."

बाईंनी मान खाली घातली. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि फॉर्म काढला. "घरात कोण कोण असतं, काका?"

"मी आणि हे स्टूल."

मला आत बसवेना. पाण्याचा ग्लास भरून त्याच्या हाताशी ठेवला आणि ऑफिसात परतलो. दोनशे नऊ फॉर्म पुन्हा उपसले. कोपऱ्यात 'दार उघडलं नाही, शेजारचं घर घेतलं' असा शेरा असलेले वेगळे काढत गेलो. एकतीस निघाले. मी दवाखान्याला फोन करून अहवालाला उशीर होईल असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी समोरचा गठ्ठा पुन्हा चाळला. एकतीसच्या एकतीस शेऱ्यांखाली मंजुरीची सही माझीच होती.