शी-मावशीचा नवा स्पंज

माझी मावशी गिटार दुरुस्त करते आणि तिला गिटारांची किळस येते. लाकडाची नाही, आवाजाची तर नाहीच. वाजवणारे त्या गिटारांचं जे करून ठेवतात, त्याची.

गिटारची पेटी उघडली की तिच्या तोंडून पहिला शब्द येतो, “शी!” मग ती हातमोजे चढवते. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडेला साचलेला घाम, मळ, मेलेली कातडी असं सगळं दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडून कागदावर पाडते आणि मालकापुढे धरते. “हे तुमचं. घरी नेताय की इथेच टाकू?” गल्लीत तिला शी-मावशी म्हणतात, हे तिला ठाऊक आहे. “लोकांना घाण दिसत नाही, घाण म्हणणारी तेवढी दिसते,” असं तिचं म्हणणं. तिची खोली एका लॉण्ड्रीच्या वर आहे. खालून येणारा साबणाचा वास हेच तिला त्या जागेतलं एकमेव सुख.

हॉटेलात दर शनिवारी वाजवणारा एक गिटारवाला तिच्याकडे आला तेव्हा त्याच्या पेटीत बटाट्याचा वेफर सापडला. बुरशी आलेला. तेव्हापासून त्याच्या माघारी मावशी त्याला वेफर म्हणते. आवाज दबका येतो, अशी त्याची तक्रार होती. मावशीने पिकअप उघडला. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला चुंबक. तारेची थरथर तोच पकडतो आणि स्पीकरकडे पाठवतो. त्याला खालून उचलून धरायला स्पंज असतो. वेफरच्या गिटारमधला स्पंज वितळून चघळलेल्या च्युइंगमसारखा काळा, चिकट झाला होता. मावशी त्या दिवशी जेवली नाही. चिमट्याने तो लगदा काढून तिने कागदात गुंडाळला, तो कागद दुसऱ्या कागदात गुंडाळला आणि दोन्ही थेट खाली रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकून आली. मग नवा, जाड, पांढरा स्पंज घातला. पिकअपचे पेच उघडताना वेढे मोजायचे आणि बसवताना तितकेच आवळायचे, हा तिचा नियम. तोही पाळला.

दोन आठवड्यांत वेफर परत. आवाज आता मोठा होता, पण जाड तार पिकअपकडच्या वरच्या पट्ट्यांवर दाबली की सूर डगमगायचा, एकाच तारेतून दोन भांडखोर सूर निघाल्यासारखा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, म्हणून मावशीने मला मीटर लावायला सांगितलं. जोडणी ठीक होती. “मग दांडी वाकलीय,” मावशी म्हणाली. दांडीच्या पोटात एक पोलादी सळई असते. तिचा नट आवळला की तारांच्या ताणाने पुढे झुकलेली दांडी मागे येते. तिने वेफरला हात धुवायला पाठवलं आणि नटाला पाव वेढा दिला. पुढच्या आठवड्यात आणखी पाव. डगमग गेली नाहीच, उलट खालच्या पट्ट्यांवर तारा खरखरायला लागल्या.

चौथ्यांदा तो शुक्रवारी दुपारी आला.

“ताई, बॅण्डमास्तर म्हणालाय, उद्याही हिने असाच गळा काढला तर तू येऊ नकोस. अठरा वर्षं वाजवतोय हो मी तिथे.”

“कुठे ठेवता ही?”

“कपाटात.”

“कपाटात? गटारातली गिटारसुद्धा यापेक्षा बरी असेल. ओल्या हातांनी वाजवायचं, तसंच कोंबायचं, मग लाकूड वाकणार नाही तर काय?”

तिने किल्ली लावली. नट हलेना. जोर दिला तशी सळई कुरकुरली. वेफरने घाईने दांडीवर हात ठेवला.

“थांबा! ही सळई तुटली तर माझ्याकडे दुसरी गिटार नाही.”

“हात काढा तो! आधी धुऊन या, मग बोला.”

तो मोरीकडे गेला.

पिकअपवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता. मावशीला राहवेना. स्पिरिटचा बोळा तिने त्यावर जोरात दाबून घासला, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सवयीने जाड तार वरच्या पट्टीवर आपटून वाजवली. सूर स्वच्छ. बोळा उचलला, सूर डगमगला. पुन्हा दाबला, स्वच्छ.

तिने वाकून पिकअपखालून डोकावणारी पांढऱ्या स्पंजाची कड पाहिली. मग अगदी हळू म्हणाली, “शी.”

वेफर ओले हात पुढे धरून आला. “धुतले. बघा.”

“पुसा आधी, थेंब पडतील.” मग मान वर न करता ती म्हणाली, “तुमची दांडी ठीक होती. जुना स्पंज वितळून खाली बसला होता, म्हणून पिकअप खाली होता, म्हणून आवाज दबका. मी जाड स्पंज घालून त्याला पार तारेला भिडवलं. चुंबक तारेला ओढतोय, मोकळी थरथरू देत नाहीये. मी वेढे मोजले, उंची मोजलीच नाही. त्या लगद्याकडे बघवत नव्हतं मला.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी?”

“हो. दोनदा.”

“आणि मी दर खेपेला हात धुतोय.”

“ते चालू ठेवा.”

तिने सळई थोडी थोडी सैल केली, पिकअपचे पेच आवळून त्याला खाली दाबलं आणि लाकूड सावरायला गिटार रात्रभर ठेवून घेतली. शनिवारी सकाळी त्याने जाड तार वरपर्यंत वाजवली. खरखर नाही, डगमग नाही. तो हसला. मावशी हसली नाही. कचरापेटीत टाकलेल्या त्या लगद्याएवढीच तिला स्वतःची शिसारी आली होती, असं नंतर तिनेच मला सांगितलं.

सोमवारी तो दांडी पुन्हा तपासून घ्यायला आला.

“बॅण्डमास्तर काय म्हणाला?” मावशीने विचारलं.

“मला काहीच नाही. सगळा वेळ ढोलवाल्यावर ओरडत होता.”

तिने पेटी उघडली. कोपऱ्यात वेफर होता, अर्धा खाल्लेला. मावशीचं तोंड उघडलं, पण तसंच मिटलं. पिकअपची उंची मोजायला तिने खिशातून दोन नाणी काढली, एकावर एक ठेवली, शेवटच्या पट्टीवर तार दाबली आणि नाणी तार नि पिकअप यांच्यामध्ये सरकवली. जेमतेम गेली, म्हणजे उंची बरोबर.

मग ती म्हणाली, “शी!”