उंबऱ्यावरचे नॉर्मन

इंग्लंड जिंकणारे नॉर्मन सरदार मला माझ्या वडिलांनी शिकवले, ते दुबईत, बर दुबई भागातल्या माझ्या घराच्या दारात बसून. दारात म्हणजे अगदी दारात. अब्बा बाहेरच्या पायरीवर, मी उंबऱ्याच्या आत चटईवर आणि माझ्या मांडीवर माझी दीड महिन्याची मुलगी. आत येऊन बसा, असं मी रोज म्हणायची. ते रोज म्हणायचे, "इथे वारा बरा लागतो." साठीच्या दशकातली दुबई ती. आमच्या गल्लीत अजून वीज आली नव्हती. भर दुपारी त्या पायरीवर कसला आलाय वारा? चुलीपुढे बसणं परवडलं असतं.

खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अब्बा रत्नागिरीकडच्या आमच्या गावचे खोत. गाव आमची जमीन कसायचं आणि पिकाचा वाटा आमच्या खळ्यात आणून टाकायचं. पुढे कायद्याने खोती गेली, जमिनी कुळांच्या नावावर झाल्या. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी घरात बघितलाय. आणि अशा खोताची मी एकुलती एक मुलगी त्याच्याच एका कुळाच्या मुलाशी लग्न करून बसले. मुलगा शिकलेला होता, दुबईच्या खाडीवर मालाच्या नोंदी करायची नोकरी होती, स्वभावाने तर माझ्यापेक्षा शंभरपट चांगला. अब्बांनी नाही म्हटलं नाही. फक्त निकाहाला स्वतः आले नाहीत, चाचांना पुढे केलं.

आमच्या गावचा रिवाज असा होता की खोत कुळाच्या अंगणात उभा राहील, पण त्याच्या घरात बसणार नाही. आणि खोत समोर असताना कूळ बसणार नाही. मुलगी झाल्यावर मी अब्बांना पत्र लिहिलं. या म्हटलं असतं तर ते आले नसते, म्हणून लिहिलं की मला बाहेरून मॅट्रिकला बसायचंय आणि माझा इतिहास कच्चा आहे. तो कच्चा होताच. अब्बा मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकलेले. महिन्याभराने ते आगबोटीने आले, ट्रंकेत आपलं कॉलेजातलं जुनं पुस्तक घेऊन. उतरले मात्र खाडीपलीकडे, देऱ्यात, आपल्या एका आतेभावाकडे. तिथून रोज दुपारी होडीने खाडी ओलांडून यायचे, थेट पायरीवर. माझ्या अभ्यासक्रमात नॉर्मन होते की नव्हते, हे आम्ही दोघांनीही कधी तपासलं नाही.

मला एकच हवं होतं. अब्बांनी आत यावं, बसावं आणि नातीला मांडीवर घ्यावं. आमच्यात आजोबांनी नातवंडाला मांडीवर घेऊन दुआ दिली की ते त्यांच्या घरचं झालं. अब्बा तिच्याकडे बघायचे, कपाळाला बोट लावायचे. मी पुढे केली की म्हणायचे, "झोपलीय, राहू दे." ती टक्क जागी असायची. परतीची बोट जवळ येत चालली होती.

मागे खांबाला टेकून माझे सासरे उभे असायचे. घर त्यांच्या मुलाचं, पण जुना खोत दारात असताना ते कसे बसणार? एक बसेना आणि एक आत येईना. दोघांच्या मध्ये मी आणि नॉर्मन.

"इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने सगळी जमीन आपली म्हणून जाहीर केली," अब्बा शिकवत. "मग सरदारांना गावं तोडून दिली. सरदारांनी त्या बदल्यात लढायला माणसं द्यायची. आणि गावकऱ्यांनी काय करायचं?"

"आठवड्यातले काही दिवस सरदाराच्या शेतात राबायचं."

"आणि?"

"नाताळला कोंबडी द्यायची."

मागून सासरे हळूच म्हणाले, "कोंबडी आमच्यातली पण जायची, साहेब. ईदेला."

अब्बांनी पुस्तकातून मान वर केली नाही. तसेच सासऱ्यांना म्हणाले, "तांबडी असायची. तुझ्या आईने पाळलेली." आणि घाईने पुढचा प्रश्न विचारला, "गावकऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं तर?"

"सरदाराची परवानगी लागायची," मी म्हटलं. "पैसेही भरायला लागायचे."

सरदाराच्या मुलीचं लग्न गावकऱ्याशी ठरलं तर काय, ते पुस्तकात नव्हतं. अब्बांनी पान उलटलं.

बोटीला दोन दिवस उरले असताना आमचे घरमालक आले. म्हातारे अरब, पांढरी दाढी, हातात खजुराची टोपली. बाळ झाल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. सारे त्यांना अरबाब म्हणायचे, म्हणजे मालक. परक्या माणसाला तिथे जमीन घेता यायची नाही, त्यामुळे आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर कुणा ना कुणा अरबाबचं. त्यांना बघून सासरे अदबीने पुढे झाले. आणि मी बघितलं, अब्बासुद्धा पायरीवरून तसेच उठून उभे राहिले.

"ये कौन?" अरबाबनी विचारलं.

"मेरे अब्बा," मी म्हटलं.

"अब्बा? बाहर क्यों बैठता? यल्ला, अंदर!" त्यांनी एका हाताने अब्बांचं मनगट धरलं, दुसऱ्याने सासऱ्यांचं, आणि दोघांना घेऊन उंबरा ओलांडला. "बैठो, बैठो." मालकाने सांगितल्यावर काय करणार? दोघे एकाच चटईवर गुडघ्याला गुडघा लावून बसले. मी खजूर एकाच थाळीत ठेवला, मुद्दामच. दोघांचे हात त्या थाळीत गेले.

अरबाब बाळाला दुआ देऊन, कॉफी पिऊन गेले. ते जाताच सासरे सवयीप्रमाणे ताडकन उठायला लागले. मला वाटलं, आता अब्बाही उठणार आणि पायरी गाठणार.

अब्बांनी त्यांचा हात धरला. "बस. जमीन त्याची, घर त्याचं. इथे आपण दोघेही कुळंच."

सासरे बसले. अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आण तिला."

मी मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत दुआ म्हटली, तिच्या चेहऱ्यावर फुंकर घातली आणि तिला निरखून बघितलं. मग सासऱ्यांना म्हणाले, "नाक तुमच्या घरचं आहे."

तेवढ्यात तिने जो सूर लावला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. सासऱ्यांनी जन्मात खोतांची थट्टा केली नव्हती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "होय साहेब. आवाज मात्र खोतांचा."

अब्बा हसले. इतके हसले की मांडीवरची पोर गप्प होऊन त्यांच्याकडे बघायला लागली, आणि रडायला लागले ती मी.