टाचेची रेघ

संध्याकाळी नामस्मरणाला बसले आणि मध्येच हसू फुटलं. देवाने माफ करावं. त्याने वरून सगळं पाहिलं असेल तर त्यालाही आवरलं नसेल. कारण आमच्या जाऊबाई.

जाऊबाई कापड कापतात, त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, शिवतात. एकाच खोलीत दोघांचं दुकान. खिडकीशी भाऊजींचं मशीन, बाकीची सगळी फरशी जाऊबाईंची. मी या घरात आले तेव्हापासून त्यांना फरशीवर मांडी घालून, ओठांत टाचण्या धरून कापतानाच पाहत आले. भाऊजी शिवणीत पक्के, पण मापाच्या नावाने बोंब. बायकोने खडूने मारलेली रेघ दिसली की त्यांच्या डोक्यातला विचार सुट्टीवर जातो.

मग जाऊबाईंचे गुडघे रुसले. खाली बसणं बंद. शर्ट-फ्रॉक टेबलावर व्हायचे, पण नेमकं तेव्हाच शाळेच्या रंगमंचाच्या पडद्याचं काम आलं. मखमल एवढी मोठी की फरशीशिवाय कुठे मावेना. शनिवारच्या आत कापून झाली नाही, तर काम समोरच्या शिंप्याकडे.

"काम गेलं तर गेलं," जाऊबाई म्हणाल्या, "पण तो माझ्या मखमलीवर फतकल मारून बसेल, ते मला बघवायचं नाही."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना हलका योग शिकवला. खुर्चीवर बसून, श्वास घेत टाच पुढे, सोडत मागे. "दुखलं की थांबायचं. गुडघ्याशी भांडायचं नाही."

"मग काय, हात जोडू त्याला?" जाऊबाईंनी विचारलं.

मखमल फरशीवर पालथी पसरलेलीच होती. पायात मोजा घातला की टाच तिच्यावरून अगदी लोण्यासारखी सरके. मी म्हटलं, "ताई, श्वासागणिक देवाचं नाव घ्या."

"देवाचे गुडघे दुखतात का गं?"

"नाही."

"मग त्याला काय कळणार माझं." पण ओठ हलत होते. मी पाहिलं ना.

आता कापणारी बाई मोजल्याशिवाय कशी राहील? फुटपट्टीच्या टोकाला खडू बांधला, आणि टाच मागे जिथवर आली तिथे मखमलीवर खूण. रोजची खूण खुर्चीच्या थोडी आणखी जवळ. आणि हाताची सवय जाते थोडीच, खूण दिसली की ती मागच्या खुणेला जोडायची. झाली सुरेख रेघ तयार.

आज सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. दुकानाच्या खोलीतून कर्र असा आवाज आला. जाऊबाईंचा कप ओठाशीच थांबला.

"माझी मोठी कात्री," त्या म्हणाल्या. मग आणखी हळू, "मखमलीवर."

आम्ही धावलो. म्हणजे मी धावले, त्या भिंत धरत आल्या. भाऊजी फरशीवर ओणवे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहऱ्यावर केवढं समाधान. "तुला खाली बसायला नको म्हणून म्हटलं मीच उरकतो. खुणा तर तू करूनच ठेवल्यास."

"हलू नका. आहात तसेच राहा."

भाऊजींचा पुतळा झाला. आणि जाऊबाई खाली उतरायला लागल्या. पण हलका योग म्हणजे घाई चालत नाही. खुर्ची धरली. उशी मागितली. श्वास घेतला. एक गुडघा उशीवर टेकला, श्वास सोडला. परत श्वास.

"अगं, हात भरून आला माझा," भाऊजी.

"दुखलं की थांबायचं, ते मला सांगितलंय. तुम्हाला नाही."

मी पदर तोंडात कोंबला होता.

शेवटी त्या कात्रीपाशी पोचल्या. वीतभर कापलं गेलं होतं. "अहो, ही रेघ कशाची आहे? माझ्या टाचेची."

"टाचेची रेघ पडद्यावर कशाला मारायची?"

"मग तुमच्या टकलावर मारू?"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मांडी नव्हती, एक पाय लांब सोडलेला होता, पण जाऊबाई फरशीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही बसलात." त्यांनी स्वतःच्या पायांकडे असं पाहिलं, जसे ते पाय दुसऱ्या कोणाचे असावेत. मग हसत सुटल्या. भाऊजी अजून पुतळाच, तेही कात्रीसकट हसायला लागले.

"खडू दे," जाऊबाई मला म्हणाल्या.

कापलेली वीत खालच्या दुमडीत जाईल असं त्यांनी कापड फिरवून घेतलं, आणि उशीसकट सरकत सरकत दुपारपर्यंत पडदा कापला. जेवणही तिथेच दिलं. मखमलीपासून लांब हं, ताट माझ्याच हातात धरून.

"आता उठायचं ना?" भाऊजींनी विचारलं.

"उठायचं नर्सबाईंनी अजून शिकवलं नाही."

दोघांनी दोन बाजूंनी धरून उभं केलं. भाऊजी ब्रश घेऊन खडू झटकायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "ती टाचेची तेवढी राहू द्या. आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय."